मेलेल्या पालींवरून

विमलबाई : …आन काल मी कालवणात मीठच घातलं न्हाई. मुद्दाम! तर गुमान गिळलं सगळं. ज्या मानसानं जन्मात माझ्या कालवणाला नाव ठेवल्याबिगर घास उचलला न्हाई, त्याला आळनी खाल्लेलं कळलंसुदिक न्हाई. यशे, तुझ्या बापाला एक तर मोठं दुखनं लागलंय, न्हाईतर त्यानं काय तरी करून ठिवलंय.

यशोधरा : आजी, मी आत्ता एसटीतून उतरले. पाणी तरी विचार.

विमलबाई : माठ हाय तिथं. तुझे हात काय पुन्यालाच ठिवून आलीस? आन हळू, तांब्या वाजवू नको. वर हाय तो.

यशोधरा : काय करतायत पप्पा?

विमलबाई : टाकी धुतोय. आल्यापास्नं तीच टाकी धुतोय. आता त्या टाकीतलं पानी दवाखान्यात सुईनं दिलं तरी चालंल. रिटायर झाल्यावर मानसं तीर्थाला जात्यात, नातवंडं खेळवत्यात. ह्यो गच्चीवर उन्हात घासनी घिऊन बसतो. फोन वाजला की कट करतो. तुझ्या आईनं फोन केला तर म्हनतो, 'सीमा, मी कामात आहे.' कसलं काम रे, म्हनलं, शेवाळाचं?

यशोधरा : मी आलेय हे इतक्यात सांगू नको त्यांना.

विमलबाई : का? वाघ हाय का तो? मी पाचरट पोराला जलम दिला, वाघाला न्हाई. म्हंजे तुमचं भांडान झालंय. कळलंच मला. आता बस इथं, ह्या शेंगा फोडू लाग आन बोल. जमिनीचं हाय का तुझ्या लग्नाचं?

यशोधरा : दोन्ही नाही. डायनासोरचं आहे.

विमलबाई : कोन ही बाई?

यशोधरा : बाई नाही गं! ते टीव्हीवर दाखवतात ना, घराएवढे प्राणी…

विमलबाई : ती पाल?

यशोधरा : पाल नाही ती.

विमलबाई : पालच ती. मोठी पाल. तिचं काय झालं?

यशोधरा : मेले सगळे.

विमलबाई : अगं बाई. कवा?

यशोधरा : साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

विमलबाई : आन सुतक माझ्या घरात!

यशोधरा : आजी, आपण सुतक पाळत नाही.

विमलबाई : म्हनून तर म्हनते. मानूस मेलं तरी आपन पाळत न्हाई, आन तुमी दोघं बापलेक पालीचं पाळताय. बरं, मेल्या तर मेल्या. त्यात भांडायचं काय?

यशोधरा : कशानं मेल्या, त्यावर भांडण. हा आपला काळा दगड आहे ना, विहिरीत लागतो तो…

विमलबाई : मला सांगती व्हय काळा दगड! बहात्तरच्या दुष्काळात मी दुष्काळी कामावर खडी फोडलीय. पोटात तुझी आत्या हुती. मी फोडला तर मजूर, तुझ्या बापानं फोडला तर डॉक्टर. बोल पुढं.

यशोधरा : तर तो दगड म्हणजे जमिनीतून उकळत वर आलेला रस, थिजलेला. थरावर थर. पप्पांच्या मते ह्या रसाच्या धुरानं, गॅसनं हवा नासली आणि त्यात ते मेले. दुसरे लोक म्हणतात, आकाशातून एक प्रचंड धोंडा पडला, त्यानं मेले. हे भांडण जगभर चाललंय. पप्पांनी त्यात एक मोठं काम केलं. राजूरच्या वरच्या घाटात फिरून सगळे थर मोजले, आणि म्हणाले, ह्यातले सगळ्यात जाड थर डायनासोर मरायच्या आधी आलेत. म्हणजे मारणारा हाच.

विमलबाई : मग बरोबर हाय की. आपल्या दगडानं मारल्या. दुसऱ्या देशातल्या धोंड्याला कशापायी मान द्यायचा?

यशोधरा : तसं नसतं गं. मी त्याच घाटात गेले. दोन थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्या मातीत बारीक खडे सापडतात, त्यांचं वय काढता येतं. पप्पांच्या वेळी ती मशिनं नव्हती. मी वय काढलं. तर ते जाड थर नंतरचे निघतायत. आधी मेले, मग रस आला.

विमलबाई : म्हंजे तुझ्या बापानं ज्याच्यावर खुनाचा आळ घेतला, त्यो पोचलाच हुता मढं पडल्यावर?

यशोधरा : …हो. असं मी लेखात लिहायला हवं होतं.

विमलबाई : मग बापाला सांगितलंस का?

यशोधरा : सगळ्यात आधी त्यांनाच सांगितलं. अर्धे नमुने त्यांना पाठवले, म्हटलं, तुम्ही दुसऱ्या लॅबमधून तपासून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. खोकं आलं असेल इथं.

विमलबाई : ते जड खोकं? ते तुझ्या बापानं फोडलंच न्हाई. मी त्याच्यावर लोनच्याची बरनी ठिवलीय.

यशोधरा : बघ! उघडलंसुद्धा नाही! आणि आता शुक्रवारी पुण्यात आमची परिषद आहे. देशभरातले ह्याच विषयातले लोक येणार, अध्यक्ष पप्पाच. माझं भाषण सकाळी होतं, मोठ्या हॉलमधे. परवा बघते तर नाव गायब. मला काय दिलंय माहितीय? जेवणाच्या हॉलबाहेर भिंतीवर एक तक्ता लावायचा आणि त्याच्या शेजारी उभं राहायचं. लोक हातात ताट घेऊन जाता जाता बघणार.

विमलबाई : लग्नात आहेर मांडत्यात तसं?

यशोधरा : तसंच. मी संयोजकांना विचारलं, भागवत सरांना. ते पप्पांचेच विद्यार्थी. आधी काही बोलेनात. मग म्हणाले, 'सरांचा फोन आला होता. तू घरचीच, लोक म्हणतील वशिला लावला, म्हणून सरांनीच तुझं नाव काढायला सांगितलं.' वशिला! माझं नाव काढायला वशिला लावला त्यांनी.

विमलबाई : आस्सं. म्हनून टाकी.

यशोधरा : आणि भागवत सरांना माझं म्हणणं पटलंय, आजी! खासगीत म्हणाले मला. पण सरांसमोर कसं बोलायचं. तिथं बसणारे निम्मे पप्पांनी शिकवलेले आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांनी शिकवलेले. मला काल एक मॅडम म्हणाल्या, 'घाई करू नकोस. शास्त्रात नवीन गोष्ट पटवून द्यायची नसते. जुनी माणसं हळूहळू जातात, नवी पोरं तेच शिकत मोठी होतात, आणि मग ते पटलेलं असतं.'

विमलबाई : जात्यात म्हंजे? रिटायर व्हत्यात?

यशोधरा : …नाही. जातात.

विमलबाई : म्हंजे तुझं खरं व्हायला मी माझ्या ल्योकाच्या मरायची वाट बघू? कोन ती बाई? पत्ता दे तिचा.

यशोधरा : अगं, तिनं वाईट अर्थानं नाही म्हटलं. असं झालंय खरंच. शंभरेक वर्षांपूर्वी एक जण म्हणाला, सगळे खंड एकेकाळी एकत्र होते, मग सरकत सरकत लांब गेले. लोक हसले त्याला. तू हवामानवाला, तुला जमिनीतलं काय कळतं, म्हणाले. तो बर्फात मेला बिचारा. नंतर कितीतरी वर्षांनी लोकांनी समुद्राचा तळ मोजला, तेव्हा कळलं की जमीन खरंच सरकते. आणि ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांचेच विद्यार्थी म्हणायला लागले, 'ह्यात नवीन काय, हे तर उघडच आहे.' ही गोष्ट मला कुणी सांगितली माहितीय? पप्पांनी. दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगायचे. सांगताना डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या.

विमलबाई : येनारच. त्याला बी तसंच उभं केलं हुतं. पह्यल्या वेळी तो मुंबईला बोलाया गेल्ता, तवा त्याला चहाच्या टायमाला बोलाया लावलं. कपबशा वाजत हुत्या आन ह्यो बोलत हुता. एक मोठा सायेब म्हनला, 'हे कुठले, नगरकडले का? बरं बोलतात.' घरी आला आन भिताडावर डोकं टेकून हुबा राह्यला. तवा म्हनलं मी, एक दिस तुझ्या हातात कपबशी असंल. आता आलीय तर वाजवतोय.

(जिन्यावर बादलीचा आवाज.)

महेंद्र : आई, घासणीचा दांडा तुटला. दुसरी… यशू? तू कधी आलीस?

विमलबाई : तिनं यायला तुझी परवानगी लागत न्हाई. घर माझ्या नावावर हाय. बस.

महेंद्र : हात ओले आहेत.

विमलबाई : ओल्या हातानं बस. पोरीचं नाव तू काढलंस?

महेंद्र : आई, हा आमच्या क्षेत्रातला विषय आहे. तुला त्यातलं…

विमलबाई : मला त्यातलं कळत न्हाई. मी तिसरीतनं उठलेय, पाली कशानं मेल्या मला ठाव न्हाई. मी इचारलं, नाव तू काढलंस का? ह्याला किती शिकाया लागतं?

महेंद्र : काढलं. तिच्याच भल्यासाठी. आपल्याकडं लोक आधीच काय काय बोलतात. बाप अध्यक्ष आणि पोरगी व्यासपीठावर! तीस वर्षं मी कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही.

यशोधरा : मग तुम्ही अध्यक्षपद सोडायचं होतं, पप्पा. माझं भाषण का काढलंत?

महेंद्र : कारण ते कच्चं आहे! तुझी माती तिथलीच कशावरून? पावसानं वरची माती खाली वाहून येते, भेगांतून झिरपते. वरच्या थरातला खडा खाली सापडला म्हणून खालचा थर तरुण होत नाही. हे बी.एस्सी.च्या पोराला कळतं.

यशोधरा : म्हणून तर तीन जागी घेतली! एकमेकींपासून लांब. भेगा बघून, टाळून.

महेंद्र : आणि तिसऱ्या जागेचं वय काय आलं? सांग की आजीला.

यशोधरा : …तिसरीचं जुनं आलं. तुमच्या बाजूचं.

महेंद्र : हं!

यशोधरा : ते मी लपवलं नाही. लेखात लिहिलंय, तक्त्यावर पण लिहिलंय. कदाचित तिथं मीच चुकले असेन. कदाचित तिथला थरच वेगळा असेल. पण हा प्रश्न तुम्ही मला हॉलमधे विचारायला हवा, सगळ्यांसमोर. म्हणजे मलाही उत्तर शोधावं लागेल आणि त्यांनाही.

विमलबाई : पोरगी बरोबर बोलती. तुझ्याकडं इचारायला एवढा मोठा सवाल हुता, तर फोनवर लुगड्याआड लपून दगड कशापायी मारलास?

महेंद्र : मी लपलो नाही.

विमलबाई : मग गच्चीवर काय करत हुतास?

महेंद्र : आई, एका मुलीच्या दोन तारखांवरून तीस वर्षांचं काम रद्द होत नसतं. उद्या दुसरं कुणी येईल, आणखी तिसरं सांगेल. त्याच्या यंत्रात चूक असेल, नमुन्यात चूक असेल…

यशोधरा : आणि तारीख तुमच्या बाजूची आली की नमुना चांगला. बाजूची नाही आली की नमुना कुजका. हे कधीपर्यंत चालणार?

विमलबाई : लई दिस चालतं यशे. माझ्या सासूचं सतरा वर्सं चाललं.

यशोधरा : कसलं?

महेंद्र : आई, आता ते नको.

विमलबाई : का नको? तुझंच हाय ते. यशे, छप्पन साली माझा सासरा नागपुराहून आला आन म्हनला, आजपास्नं देव बंद. सूपभर देव निघालं घरातनं. सगळं नदीला नेऊन सोडलं. मी तवा आले नव्हते, मागनं लगीन होऊन आले. तर सासू सकाळी आमच्यासंगं हात जोडून वंदना म्हनायची. आन सांजच्याला उतरंडीम्होरं एकलीच काय पुटपुटायची. एक दिस मी पीठ काढाया गेले तर खालच्या मडक्यात हाताला गार लागलं. मरीआईचा टाक. चांदीचा एवढासा पत्रा, वर देवीचं रूप. सूप नदीला जाताना म्हातारीनं तेवढा एक मागं ठिवला हुता.

यशोधरा : सासऱ्यांना माहीत नव्हतं?

विमलबाई : त्याला सांगायची कुनाची छाती हुती? मी सासूला इचारलं, असं का वं आत्या? तर म्हनली, असू दे, न्हाईतर देवी घात करंल. बहात्तरला पाऊस गेला. म्हातारी माझ्या कानात म्हनली, बघ, देव बुडवलं म्हनून. मी म्हनलं, अवो, ज्यांच्या घरात देव हायती त्यांच्या रानात तरी कुठं पाऊस हाय? तर म्हनली, त्यांच्यावर आपल्यामुळं आलंय.

यशोधरा : अरे वा!

विमलबाई : पुढल्या सालाला पाऊस झाला. म्हनलं, आता वं? तर म्हनली, मी टाक राखलाय ना एक, तिचा राग उतरला. काय बी झालं तरी म्हातारीचंच खरं! मी भांडून भांडून दमले. सासरा आंबेडकरबाबांची पुस्तकं वाचून दाखवायचा, ती मान डोलवायची आन उतरंडीकडं बघायची. बोलन्यानं न्हाई हललं ते.

यशोधरा : मग हललं कशानं?

विमलबाई : ह्या तुझ्या बापानं हलवलं. पाच-सहा वर्साचा हुता. उतरंड उचकून टाक काढला भाईर, दगडावर ठिवला आन वरनं दुसरा दगड हानून हानून पार चपटी चकती केली. मग भोक पाडून दोरा घातला आन गाडी म्हनून वढत फिरला आळीभर. तवापास्नंच दगडानं ठोकायची खोड.

महेंद्र : मला आठवत नाही.

विमलबाई : तुला कसं आठवंल? म्हातारीला आठवत हुतं. ती पांढरीफट पडली. मरीआईचा टाक म्हंजे काय, सांगते यशे, ती पटकीची देवी. आता ह्या पोराला हगवन लागनार, उलट्या व्हनार, दोन दिसात पोरगं जानार, असं तिच्या मनात. पन वरडली न्हाई. मारलं न्हाई. त्याच्या हातरुनाशी जाऊन बसली. सारखा कपाळाला हात लावून बघायची. ह्यो हागाया गेला तरी मागनं जायची, बघायची.

महेंद्र : आई!

विमलबाई : खोटं न्हाई. असे किती तरी दिस गेलं. ह्याला काय झालं? काय न्हाई. भाकर दे, गूळ दे, आनखी दे. एक दिस म्हातारी माझ्याजवळ चुलीपाशी आली आन म्हनली, 'इमल, ह्याला काय झालं न्हाई गं.' मी म्हनलं, आत्या, बरंच झालं की! तर ती रडाया लागली.

यशोधरा : का? आनंदानं?

विमलबाई : न्हाई. म्हनली, 'मग माझा बारका कशानं गेला?'

यशोधरा : कोण बारका?

विमलबाई : तिचा धाकला ल्योक पटकीनं गेल्ता. लई वर्सांमागं, देव हुतं तवाच. तिला कुनी तरी सांगितलं हुतं, नवस चुकला म्हनून गेला. ते तिनं धरून ठिवलं हुतं. आपल्याकडनं चुकलं म्हनून गेला, म्हंजे गेल्याला कारन हुतं. आन आता देवीच न्हाई म्हनलं तर पोरगं फुकटच गेलं की. म्हनून सोडवत नव्हतं तिला. आमी समजत हुतो म्हातारी आडानी हाय. आडानी कसली, तिनं त्या टाकाच्या खाली पोरगं पुरलं हुतं.

यशोधरा : मग?

विमलबाई : मग काय. रडली. दुसऱ्या दिशी उतरंडीतली टाकाच्या कुंकवाची पुडी तिनंच चुलीत घातली. सासऱ्याला मरोस्तवर कळलं न्हाई की त्याच्या बायकूनं धर्म बदलला तो छप्पनला न्हाई, त्र्याहत्तरला.

महेंद्र : दादा गेले, माझा बाप गेला, तेव्हा मी कुठं होतो, आई?

विमलबाई : आता हे काय मधीच?

महेंद्र : सांग की.

विमलबाई : राजूरच्या वरल्या घाटात. दगड फोडत.

महेंद्र : हेच दगड. हिच्या तांबड्या मातीच्या वरचे आणि खालचे. निरोप पोचेपर्यंत दोन दिवस गेले. मी इथं तिसगावला उतरलो तेव्हा चिता विझून राख गार झाली होती. भाऊकीतलं कुणी काही बोललं नाही, नुसते बघत होते. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो की मी तिथं काहीतरी मोठं शोधत होतो. म्हणून आलो नाही. सापडलंही. लोकांनी मानलं, पोरं शिकली, पुस्तकात आलं. आता ही म्हणते, ते तसं नव्हतंच. मग मी त्या दिवशी घाटात कशासाठी होतो?

यशोधरा : पप्पा…

महेंद्र : मला माहीत आहे तुझी माती बरोबर असू शकते. खोकं आलं त्या रात्री मी ते नुसतं उचलून बघितलं. उघडलं असतं तर तपासायला पाठवावं लागलं असतं. म्हणून नाही उघडलं.

यशोधरा : पप्पा, तुमचे थर चुकलेले नाहीत. एकही नाही. तुमची मापं मी जशीच्या तशी घेतलीत. कुठला थर कशावर, कितवा, कुठं संपतो, सगळं तुमचंच. ते नसतं तर मला कळलंच नसतं माती कुठं खणायची. फक्त कधी, एवढंच वेगळं निघतंय. तुम्ही घर बरोबर सांगितलंत, वार चुकला.

विमलबाई : आन तुझा बाप काय तुझ्या त्या रसापायी मेला न्हाई महिंद्या. बिडीपायी मेला. तू असतास तरी मेलाच असता, वर तुझ्याकडं बिडी मागितली असती. तुला निरोप पाठवू का असं त्याला म्हनलं तर म्हनला, 'नको, त्याचं काम मोडंल.' त्याला काय पालींचं पडलं हुतं? पाली कुनी मारल्या, रसानं का धोंड्यानं, त्याच्या बापाला ठाव न्हाई. त्याला एवढंच ठाव हुतं की आपलं पोरगं कामाव हाय आन हातात सरकारी हातोडा हाय. शेजारच्यांना सांगत हुता, 'मी दगड फोडला तर खडी झाली, पोरानं फोडला तर त्यातनं जनावरं निघाली.' हसत हुता. खोकत हुता आन हसत हुता. तुझं खरं निघो का खोटं निघो, त्याचं हसू काय परत घेता येत न्हाई.

महेंद्र : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

विमलबाई : तू इचारलं कवा? तू आल्यावर दगडच दाखवत बसायचास.

यशोधरा : पप्पा, मी तक्ता लावते. खरंच. शुक्रवारी भिंतीपाशी उभी राहते. पुढल्या वर्षी बघू. नाहीतरी एका वर्षात कुणी मानणार नाहीये. दुसऱ्या लॅबला हेच मिळायला हवं, मग तिसऱ्या. मग कुणीतरी माझ्यातली चूक काढेल, मी सुधारेन. पंधरा-वीस वर्षं जातील. मला घाई नाही.

विमलबाई : पंधरा-वीस वर्सं? मला घाई हाय!

महेंद्र : फोन कुठं आहे माझा?

विमलबाई : खोक्यावर. बरनीशेजारी.

महेंद्र : हॅलो… भागवत? हां, मीच बोलतोय. …बरी आहे तब्येत, टाकी धुतली. ऐक. शुक्रवारी सकाळी यशोधराचं भाषण परत लाव. मोठ्या हॉलमधे. …वशिला नाही, मी अध्यक्षपद सोडतोय, दुसरं कुणी बघ. …पत्रिका छापून झाली असेल तर पेनानं लिही. …नाही. माझं मत बदललेलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून तिला विचारणार आहे, आणि अवघड विचारणार आहे. …तुझं काय मत आहे, भागवत? …अरे, माझं म्हणजे तुझं नव्हे. तुझं विचारतोय. …नाही, आत्ता नको सांगू. तिथं सांग. सगळ्यांसमोर. …हं. ठेवतो.

यशोधरा : मत बदललेलं नाही?

महेंद्र : एका दुपारीत? एवढा हलका समजतेस मला? तुझ्या तिसऱ्या जागेचं काय करायचं ते आधी सांग. मला वाटतं तिथं ओढ्यानं दुसरीकडची जुनी माती आणून टाकलीय. आपण जाऊन बघायला पाहिजे. पाऊस लागायच्या आत.

यशोधरा : आपण?

महेंद्र : तुला ती वाट सापडणार नाही. मी वर चढायचो त्या बाजूनं. …आई, अशी काय बघतेस? काय बोलायचंय ते बोलून टाक.

विमलबाई : बोलते. तू लबाड न्हाईस महिंद्या, मला वाटलं हुतं झालास. तू भ्यालास. पोटच्या एवढ्याशा पोरीला भ्यालास आन वशिल्याचं नाव पुढं केलंस. मास्तर म्हनून वंगाळ वागलास, बाप म्हनून त्याहून वंगाळ. आन आता फोन केलास, त्यो बी भीतभीतच केलास. पन केलास.